पान एक्केचाळीसवरची दुरुस्ती

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

मी, साधना हैबतराव शेडगे, वय ६१, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम, राहणार सूस, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डॉ. मृण्मयी देवधर यांनी तपासून दाखला दिला आहे. रविवारच्या सामन्यात कोणती मुलगी कितव्या चेंडूवर बाद झाली, हे मी त्यांना वही न बघता सांगितले, तेव्हा त्यांनी दाखल्यात 'उत्तम' हा शब्द आपणहून घातला. मला कोणी भरीस घातलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकील निरंजन धुमाळ म्हणाले होते, "काकू, कायद्याच्या भाषेत दोन पानांत बसवून देतो." मी म्हटले, बसेल, पण मला जे सांगायचे ते बाहेर राहील. म्हणून लांबले तर लांबू द्यावे.

कलम १. यजमानांच्या माघारी माझ्या नावावर झालेले सूस येथील राहते घर माझा मुलगा शेखर याला द्यावे. तो महाळुंग्याला सातव्या मजल्यावर राहतो. घर भाड्याने दिले तरी माझी हरकत नाही, पण देवघरातले टाक त्याने स्वतः न्यावेत आणि फ्लॅटमध्ये देवांना बुटांच्या कपाटाशेजारी बसवू नये. माझ्या पाटल्या सूनबाईला. माझ्या दुखण्यात तिने रजा काढून केले, ते मी विसरलेले नाही.

कलम २. पोस्टातल्या आणि बँकेतल्या ठेवी शेखर आणि माझी मुलगी जुईली यांना निम्म्या निम्म्या. तशी नावे लावून ठेवली आहेत, म्हणून जास्त लिहीत नाही.

कलम ३. बेसबॉलचे सामान, म्हणजे अकरा ग्लोव्ह, चार बॅटी, कॅचरचा मुखवटा आणि छातीचे कवच, चेंडूंची गोणी, हे मैदानावर येणाऱ्या मुलींचे आहे, कोणा एकीचे नाही. ग्लोव्ह फाटला तर लगेच नवा मागू नये. दाभण आणि मेणाचा दोरा गोणीच्या आतल्या खिशात आहे. चेंडूची शिवण उसवली तर दोन सुया घेऊन दोन्ही बाजूंनी शिवत यावे, एका सुईने शिवले की चेंडू एका अंगाला झुकतो. हे मी नऊ चेंडू वाया घालवून शिकले.

शेखरचा जुना मोबाइलही मुलींना द्यावा. मी पहाटे आवाज बंद करून त्यावर अमेरिकेतले सामने बघत असे, दुसऱ्या हातात जपमाळ. खेळाडूंची नावे मला वाचता येत नाहीत, पण हात ओळखू येतात. कुणाचा खांदा दुखतो आहे, तेही कळते. माझा जप यात मोडला असेल तर तो ज्याच्यासाठी होता त्याने सांभाळून घ्यावे.

कलम ४. गट नंबर ११८ पैकी एकतीस गुंठे जमीन. ती कुणाला द्यायची, ते कलम ८ मध्ये येईल. आधी ती माझ्याकडे कशी आली, ते लिहिते.

माझे माहेर ताम्हिणी. सातवीनंतर मला शिकायला पुण्याला मावशीकडे ठेवले. शाळेत पी.टी.च्या बाईंनी सॉफ्टबॉल शिकवला. तो बेसबॉलचाच भाऊ, चेंडू मोठा आणि मैदान लहान. मी तिसऱ्या बेसवर उभी राहायची. शेवाळलेल्या बांधांवरून पळण्यात लहानपण गेलेले, त्यामुळे घसरत जाऊन बेसला पाय लावणे मला कुणी शिकवावे लागले नाही. मॅट्रिक झाले, लग्न झाले, आणि त्यापुढे एकवीस वर्षे हातात चेंडू आला नाही. लिंबू, कांदा, नारळ, काही गोल हातात आले की बोटे आपोआप शिवण शोधायची. हे मी कुणाला बोलले नव्हते. आज लिहिते आहे.

जुईली चौदा वर्षांची असताना परड्यात उभी राहून चिंचेवर दगड मारत होती. सहा दगड, सहा आकडे खाली. तिचा खांदा बघून मला रडूच आले. त्याच दिवशी मी यांना मुलींना खेळवायला जागा विचारली. हे म्हणाले, "भात काढल्यावर रान पडूनच असतंय. घे की." पुढे काही विचारले नाही. धसकटे काढून ट्रॅक्टर फिरवून दिला. पुढच्या वर्षी तेवढी जमीन बक्षीसपत्र करून माझ्या नावावर केली. म्हणाले, "माझ्या माघारी भाऊबंद तुला हितं हुबं न्हाई ऱ्हाऊ द्यायचे." दिवाळीनंतर मैदान, पावसाळ्यात भात, असे ते रान अजून चालते.

माझ्या सासूबाई, तुळजाबाई, पहिल्या आठवड्यात बांधावर येऊन म्हणाल्या, "साधने, ह्या पोरी सारख्या होम-होम करत्यात. भटजी न्हाई, तूप न्हाई, कसला होम घालताय?"

मी सांगितले, "आत्या, जिथून निघायचं आणि तीन बेस फिरून परत जिथं पोचायचं, त्या जागेला होम म्हणतात."

"मंग घर म्हना की."

"घरच. पण पाय लावला तरच रन."

"होमाला पाय लावत्यात व्हय! मंग पाया पडून लावा."

पंक्चरवाले नसीरभाई यांनी ट्रकच्या टायरची पाचकोनी होमप्लेट कापून दिली होती. तिला सासूबाई जाईपर्यंत रोज हळदकुंकू वाहत होत्या. नसीरभाई म्हणायचे, "आई, माझ्या टायरचं नशीब काढलंत." आमच्या मुली अजून फलंदाजीला जाताना आधी तिला हात लावून कपाळाला लावतात. बाहेरच्या पंचांना वाटते, वेळ काढतात. त्यांना समजावून सांगावे.

कलम ५. चुलत दीर राजूभावजी यांना माझ्याकडून काही नाही. मी मुलींना बेस चोरायला, म्हणजे समोरच्यांची नजर चुकवून पुढचा बेस गाठायला, शिकवू लागले, तेव्हा ते चार माणसांत म्हणाले, "वहिनी, गावाच्या पोरींना चोऱ्या शिकवताय?" मी म्हटले, "भावजी, आमची चोरी दिवसाढवळ्या पंचासमोर असते. बांध कोरून नसते." ते हसले नाहीत. पूर्वेचा बांध हातभर सरकलेला आहे. माझ्यामागे सरकारी मोजणी आणावी. भांडू नये, फक्त मोजावे.

कलम ६. माझ्या मागे खर्चिक विधी नकोत. तेराव्याला जेवण साधे, वरण, भात, एक भाजी, शिरा. फोटोला हार एक. मैदानावर सभा वगैरे घेऊ नये. त्या दिवशी सराव असेल तर तो बंद ठेवू नये.

कलम ७. हे कलम लिहायला मी तीन दिवस घेतले.

लाकडी पेटीत माझ्या स्कोअरच्या वह्या आहेत. पहिल्या वहीत पान एक्केचाळीसवर डिसेंबर २००६ चा जिल्ह्याचा अंतिम सामना आहे, सतरा वर्षांखालील मुली. आमची चेंडू टाकणारी पिचर जुईली, होमवर झेलणारी कॅचर नसीरभाईंची निखत. दोघी एका बाकावरच्या.

शेवटचा डाव. दोन्हीकडे तीन-तीन. समोरच्यांची फलंदाजी, एक मुलगी तिसऱ्या बेसवर टपलेली. दोघी बाद झालेल्या होत्या. आणखी एक बाद झाली की डाव संपला आणि खेळ पुढे चालू. पण दुसरी बाद झाल्याची खूण मी वहीत केली नव्हती. पेन्सिलीचे टोक मोडले होते, ते मी दाताने सोलत होते. माझ्या डोक्यात एकच बाद, आणि एकच असती तर तिसऱ्यावरची मुलगी होमवरच अडवावी लागली असती. इतक्यात चेंडू मऊ टप्पे घेत जुईलीकडे आला. तिने उचलला आणि ती बरोबर पहिल्या बेसकडे वळली. मारणारी मुलगी अजून दहा पावले लांब होती. चेंडू तिच्याआधी तिकडे पोचला असता, ती बाद झाली असती आणि डाव संपला असता.

मी ओरडले, "होम!"

तिने ऐकले. माझे ती नेहमी ऐकायची. हात एकीकडे वळलेला असताना अंग मोडून तिने होमकडे फेकला. चेंडू निखतच्या डोक्यावरून थेट भिंतीला. तिसऱ्यावरची मुलगी चालत आत आली. आम्ही हरलो.

बेसबॉलच्या वहीत प्रत्येक चुकीला धनी लागतो. 'ई', म्हणजे एरर, लिहायचे आणि पुढे खेळाडूच्या जागेचा आकडा. पिचरचा आकडा एक. मी तिथेच उभ्या उभ्या लिहिले, ई-१. कोचच्या चुकीला वहीत रकाना नसतो.

हे एवढ्यावर थांबले असते तर मी कलम लिहिले नसते. शाळेचे एक सर आले आणि म्हणाले, "पहिला सोपा होता, होमला का टाकला?" मी म्हटले, "मी पहिलाच म्हणाले होते. मुलींचं लक्ष नसतं." जुईली तिथे उभी होती.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या सीटजवळ येऊन म्हणाली, "आई, तू होम म्हणालीस."

"नाही बाळा. पहिला म्हणाले. गोंगाटात तुला नीट ऐकू आलं नसेल."

"तू होम म्हणालीस."

"जुईली, माझ्यापुढे तोंड चालवू नकोस."

ती मागे जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मैदानावर आली नाही, आणि त्यानंतर कधीच नाही. मी एकादशी सोडत नाही, दुकानदाराने चुकून जास्त दिलेले सुटे परत करते, आणि सोळा वर्षांच्या मुलीला, जिचे कान चांगले होते, तिला स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवू नकोस असे मी सांगितले. देवासमोर मी हे केव्हाच कबूल केले. पण देव त्या दिवशी पिचर नव्हता.

जुईली आता नाशिकला असते, नोकरी करते, दर रविवारी फोन करते. औषध घेतलंस का, पाणी येतं का, गुडघा कसा आहे, सगळे विचारते. मैदानाचे नाव काढत नाही. दिवाळीला येते तेव्हा मागच्या सोसायट्यांच्या रस्त्याने वळसा घालून घरी येते, म्हणजे मैदान लागत नाही. फोनवर मी पुष्कळदा ठरवते की आज बोलायचे, आणि तिला डाळिंबाचा भाव सांगून फोन ठेवते. नव्या मुली येतात, चांगल्या खेळतात, जिल्ह्याचा कपही दोनदा आणला. तरी संध्याकाळी पिचरच्या जागेवर कोणी पाठमोरी उभी असली, की तिने मान वळवेपर्यंत मी काही बोलत नाही. तेवढा वेळ मला ती जुईली वाटते.

म्हणून मी लिहून ठेवते की पान एक्केचाळीसवरील ई-१ ही नोंद खोटी आहे. मी 'होम' असेच म्हणाले होते. बाद किती झाल्या हे मी चुकले आणि नंतर खोटे बोलले. त्या नोंदीवर आज मी रेघ मारली आहे, शेजारी माझे पूर्ण नाव लिहून सही केली आहे. रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिले.

कलम ८. गट नंबर ११८ पैकी माझी एकतीस गुंठे जमीन, तीतील विहिरीच्या हक्कासह, मी जुईलीला देते. एकटीला.

शेखर म्हणतो, "आई, बिल्डर दारात उभे आहेत आणि तू तिथं चेंडू फेकतेस." त्याला घर दिले आहे. वडिलांनी ही जमीन खेळासाठी दिली, हे तो जाणतो. तो रागावेल, पण कोर्टात जाणार नाही. तसा तो नाही.

या कलमात मी अट घालणार होते की मैदान मैदानच राहावे, आणि जुईलीने निदान एकदा तिथे येऊन चेंडू टाकावा. वकिलांनी तसे वाक्य तयारही करून दिले होते, अगदी पक्के. ते मी काढून टाकले. तिने विकावे, ठेवावे, भात लावावा, वाटेल ते करावे. चेंडू तिच्या हातात आहे. कुठे टाकायचा हे मी पुन्हा बाजूला उभी राहून ओरडणार नाही.

कलम ९. निखतला मी काही देत नाही. गेली अकरा वर्षे ती दवाखान्यातली नर्सची ड्यूटी करून माझ्याबरोबर मुलींना शिकवते, आणि कलम ८ मुळे तिचे मैदान उद्या जाऊही शकते. हे तिला मी वाचून दाखवले. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मला तिची सही हवी आहे, म्हणून तिच्या वाट्याला काही नाही. त्या दिवशी तिने काय ऐकले, हे मी तिला एकोणीस वर्षांत विचारले नाही. आजही विचारलेले नाही.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील निरंजन धुमाळ यांनी करावी. ते म्हणाले, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडायचे असते. बाकीची कलमे तशीच उघडावीत. पण कलम ७ आणि ८ यांची नक्कल आज पोस्ट बंद व्हायच्या आत रजिस्टरने जुईलीच्या नाशिकच्या पत्त्यावर पाठवावी. वाचून तिने फोन केला नाही तरी चालेल. फोन केला आणि रागावली तरी चालेल. मी घरीच आहे.

वरील सर्व मी लिहिले, स्वतः पुन्हा वाचले, खाडाखोड आहे तिथे सही केली.

ठिकाण : सूस, ता. मुळशी, जि. पुणे
दिनांक : १२ डिसेंबर २०२५

सही : साधना हैबतराव शेडगे

साक्षीदार

१. डॉ. मृण्मयी देवधर, राहणार सूस. लिहून ठेवणार यांनी पूर्ण शुद्धीत माझ्यासमोर सही केली.

२. निखत नसीर मुलाणी, राहणार सूस. काकूंनी माझ्यासमोर सही केली. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदाराने एवढेच लिहायचे. तरी लिहिते. मी होमवर उभी होते. बसमध्ये तू माझ्याकडे बघितलंस आणि मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण काकू पुढच्या सीटवर होत्या. जुईली, तू बरोबर ऐकलं होतंस.