ध्वनी निर्दोष

ता. १४, बुधवार

प्रिय मेव्हणेबुवा,

आशीर्वाद. तू ते घेणार नाहीस हे ठाऊक आहे. पण वयाने मोठा पडलो, देणं भाग आहे. तुझी ताई बरी आहे. तीन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलते, त्यामुळे मलाही बरं आहे.

तुला सक्तीच्या रजेवर पाठवल्यापासून आपलं रेडिओ केंद्र भलतंच जोरात आहे. आवाज कमी-जास्त करायचा फेडर आणि पंख्याचं बटण यांतला फरक न कळणारा नवा साहेब हल्ली ‘ध्वनीचा दर्जा’ यावर भाषणं ठोकतो. काल एक विक्रेता सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरी घेऊन आला. “सर, आवाज कसा मखमली होतो बघा.” साहेबाने डोळे मिटून मान डोलावली, “वा!” वायर अजून जोडलेली नव्हती.

श्रोत्यांबद्दल तर बोलायलाच नको. भांडी घासता घासता फोनवर ऐकणारी जमात! पण त्याच जमातीतल्या ऐंशी जणांनी केंद्राला कळवलं, की म्हाताऱ्या गायिकाबाईंच्या मुलाखतीत तासभर बारीक शिट्टी वाजतेय. बाई मुलाखतीनंतर नवव्या दिवशी गेल्या. आता कुणाला पुन्हा बसवणार माइकसमोर?

समितीतल्या तीन दगडांनी निकाल लावला: माइकची दुरुस्ती तुझी, म्हणून शिट्टीही तुझी. परवा, शुक्रवारी, तुला काढल्याचा कागद निघेल.

आता मुद्द्याचं. इतका वेळ इतरांच्या नावाने खडे फोडले ते उगाच नाही.

रेकॉर्डिंगआधी आपण खोलीची अर्धं मिनिट नुसती शांतता टिपतो, नंतर जोडकामाला लागते म्हणून. त्या दिवशी ती ऐकताना तू म्हणालास, “भाऊजी, वर कुठेतरी शिट्टी आहे. ते नवे दिवे बंद करून बघू.”

“कान धुऊन ये आधी! तीस वर्षं मी इथे काय झोपा काढल्या?”

बाईंसकट सगळे हसले. तूही हसलास, कारण मी पडलो तुझ्या ताईचा नवरा. मग मी अहवालात लिहिलं, ‘ध्वनी निर्दोष’. आणि समितीपुढे सांगितलं, की तू मला काही बोललाच नव्हतास.

रविवारी रिकाम्या स्टुडिओत चाचणीचं यंत्र लावून सूर चढवत नेला. आठ हजार हर्ट्झपर्यंत ऐकू आलं. पुढे मीटरचा काटा नाचतोय आणि माझ्या कानात काही नाही. ती शिट्टी बारा हजारांवर आहे.

ही चाचणी पहिल्यांदाच केली, असं लिहिणार होतो. तेही खोटं. दोन वर्षांपूर्वी केली होती, तेव्हाही काटा असाच नाचला होता. यंत्र बिघडलंय म्हणून तुझ्याचकडे दुरुस्तीला पाठवलं. तू ते तपासून, काही न विचारता, ठीक आहे म्हणून परत दिलंस. साहेबाला आपल्याला कळत नाही हेच कळत नाही. मला सगळं कळत होतं. तेव्हा सगळ्यांत नालायक कोण, ते तूच ठरव.

इथवरच्या पत्राची एक प्रत आज सकाळी साहेबाच्या हातात दिली, राजीनाम्यासोबत. त्यामुळे ताईचा संसार वगैरे मनात आणून तू हे फाडलंस, तरी उपयोग नाही. ताईला आज घरी गेल्यावर सांगेन. ती जे बोलेल ते मला शब्दन् शब्द ऐकू येईल.

तुझ्या क्षमेची अपेक्षा नसलेला,
भाऊजी