माईकवर पुकारलेला फ्रीज

प्रिय शिवांजली,

तीनदा लिहायला बसलो आणि उठलो. एकदा पेन संपलं, एकदा मालकानं भाडं घेऊन जतला पाठवलं, तिसऱ्यांदा नुसती लाज वाटली. आता वडूजच्या स्टँडबाहेर पिकअपमध्ये बसून, स्टेअरिंगवर वही टेकवून लिहितोय. जतची वाट लय न्यारी गं. मेंढरं आडवी आली की अर्धा तास गाडी जागेवर, वर मेंढका कानडीत मलाच झापतो. असो, भरकटलो.

तुझ्या मायाताईचं लग्न आठव. माईकवर आहेर पुकारत होते. ऋषिराजकडून नवरीला कूलर, असं म्हटल्यावर तू मान वळवून बघितलंस. कूलरकडं की त्याच्याकडं, ते मला आजवर कळलं नाही, पण माझं टाळकं फिरलं. तसाच विट्यात गेलो. साताऱ्यात कंपनीत असताना मिळालेलं क्रेडिट कार्ड घासलं आणि बेचाळीस हजारांचा दोन दारांचा फ्रीज टेम्पोत घालून आणला. पंगती उठायच्या आत माझं नाव दोनदा पुकारून घेतलं. तू तेव्हा मठ्ठा वाढत होतीस. मान वर केली नाहीस.

मग दर महिन्याला बँकेचा मेसेज, कमीत कमी इतके भरा. मला वाटलं, ट्रॅक्टरचा असतो तसा हाच हप्ता. वीस महिने एकही चुकवला नाही. परवा बँकेतल्या मॅडमनी कागदावर मांडून दाखवलं. अडतीस हजार भरलेत आणि अजून चौतीस बाकी. सगळं व्याजानं खाल्लं. कार्ड तिथंच कात्री मागून कापलं. आता महिन्याला चार हजार भरले तर अकरा महिन्यांत फिटतंय.

तूच फोनवर म्हणालीस, तोंडानं काय बी सांगशील, किती देणं हाय ते लिहून दे, तरच रविवारी ऋषिराजच्या घरच्यांना मला बघायला येऊ नका म्हणते. म्हणून हे पत्र. आकडा वर लिहिलाय, एक रुपया लपवला नाही. अकरा महिने थांबशील का?

पाकीट चिकटवणार तेवढ्यात काचेवर टकटक. ऋषिराज. नेहमीची बुलेट नाही, एसटीनं आलाय. म्हणतो, "तुझा फ्रीज कार्डावरचा, विट्यातला दुकानदार बोलला. माझा कूलर बी कार्डावरच घेतलावता रं गड्या. तू कसं फेडतोयस, तेवढं सांग." लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बँक बंद व्हायच्या आत त्याला मॅडमकडं नेतोय. पण त्याचं देणं किती, ते तू त्याला विचारू नकोस. माझं विचारलंस तेवढं बास.

तुझाच, निदान रविवारपर्यंत तरी,
मल्हार