हात लावल्याशिवाय ताट नाही

बोनकोडे, कोपरखैरणे
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार वगैरे सगळं लिहिलंय असं धर. शाळेत पत्रलेखन होतं, मार्कांपुरतं शिकलो होतो. आज पहिल्यांदा खरं पत्र लिहायला बसलो तर त्यातली एकच ओळ आठवतेय, 'मी इथे खुशाल आहे.' ती लिहीत नाही.

तू फोन उचलत नाहीस. मावशी उचलते आणि म्हणते, "भांडी घासतीय ती." सकाळी भांडी, दुपारी भांडी. नावड्यात मावशीकडे एवढी भांडी आहेत तरी कुठे गं? म्हणून कागद. मावशीचा गुडघा कसाय? संध्याकाळी कंपन्यांचा वास सुटला की खिडकी लावून घेत जा, तुला लगेच खोकला होतो. संक्रांत झाली. शेजारच्या रखमाकाकूंनी तिळगूळ दिला, पण 'गोड बोल' म्हणाल्या नाहीत. नुसता हातावर ठेवला आणि गेल्या.

तर बातमी. गावकीने माथाड्यांसाठी भाड्याने घेतलेल्या खोलीतल्या आपल्या स्वयंपाकघराचं रजिस्ट्रेशन झालं. सर्टिफिकेट आलं. आपण आता कायद्याने धर्मादाय संस्था आहोत. दारावर बोर्ड लावलाय, निळ्यावर पांढरा, 'गरजूंसाठी मोफत भोजन'. आणि जेवायला कोणी येत नाही.

खरंच कोणी नाही. धर्मराजतात्या मार्केटमध्ये गोण्या वाहून सुटले की आल्याचा तुकडा खिशातून काढून तुझ्या पाट्यावर ठेवायचे ना? आता बोर्ड बघून पुढे जातात आणि वडापावच्या गाडीपाशी उभे राहतात. मी हाक मारली, "तात्या, या की जेवायला." मला म्हणाले, "आमी गरजू न्हाय रे बाबा. भूक लागलीय फक्त."

गाडीवाला हसला. मी पण हसलो. मग आत येऊन एकटाच बसलो.

तुला वाटत असेल तुझ्या सनीने मुद्दाम केलं. तसं नाहीये. कायदाच असा आहे की

(इथे चार ओळी खोडल्यात. त्यात मी कायद्याला शिव्या घातल्या होत्या. परत लिहितो.)

तुझा नियम मी लहानपणापासून बघतोय. हात लावल्याशिवाय ताट नाही. कोणी कांदा आणायचा, कोणी मूठभर तांदूळ, ज्याच्याकडे काहीच नाही त्याने लसूण सोलायचा. तो यूपीचा ट्रकवाला आला होता, मराठीचा एक शब्द येत नव्हता, त्यालाही तू पालकाची जुडी दिलीस निवडायला. मी म्हटलं होतं, अगं पाहुणा आहे. तू म्हणालीस, "म्हनूनच. फुकट खाऊन मान खाली घालून जाईल का त्यो माझ्या दारातनं?"

भाडं वाढलं, गावकीला झेपेना, आणि आमच्या ऐरोलीच्या कंपनीत असल्या कामाला मदत मिळते म्हणून मी रजिस्ट्रेशनच्या मागे लागलो. पहिला अर्ज मी जसं आहे तसाच लिहिला होता. धर्मादाय ऑफिसात सुनावणीला साहेबांनी विचारलं, "जे आणतात तेच खातात. मग हे धर्मादाय कसं? ही भिशी झाली." साहेब काही वाईट माणूस नव्हता. चष्मा वर करून विचारलं, खरंच समजून घ्यायचं होतं त्याला. मी नुसते कागद चाळले. पुढची तारीख मिळाली.

मग मी दुसरा अर्ज लिहिला. माणसांचे दोन भाग केले. एका बाजूला दाते, दुसऱ्या बाजूला लाभार्थी. तात्या लाभार्थी. रखमाकाकू लाभार्थी. तात्यांच्या आल्याचा उल्लेख काढून टाकला, कारण लाभार्थी आलं आणत नसतो.

आत्तापर्यंत सगळ्यांना मी हेच सांगत आलो की कायद्याने करायला लावलं. ते खोटं आहे. आपल्या वकील शुभदा मॅडम, त्याच ज्यांना तू "बारकी हाय पन नीट बोलती" म्हणाली होतीस, त्यांनी सुनावणीच्या बाहेर बाकावर बसवून मला सगळं समजावलं होतं. "हे बघ सनी, कायदा बघतो काम कशाचं आहे आणि कोणासाठी आहे. ठरलेल्या चार घरांपुरतं, नात्यातल्यांपुरतं असेल तर ते खासगी. रस्त्यावरचा कोणीही आत येऊ शकत असेल आणि कमाई कोणाच्या खिशात जात नसेल, तर ते सार्वजनिक. येणाऱ्याने काम केलं म्हणून काही बिघडत नाही. तुला गरीब माणसं दाखवायची नाहीयेत, उघडं दार दाखवायचंय. तो ट्रकवाला दाखव."

मी हो हो म्हटलं. आणि घरी येऊन गरीब माणसं दाखवली.

कारण कंपनीला फोटो हवे होते. ट्रकवाल्याच्या हातातल्या पालकाच्या जुडीचा फोटो काय कामाचा? म्हणून तुझा काढला. आठवतंय? तू कांदा चिरत होतीस, डोळ्यांतून धारा. तू म्हणालीस, "कांद्याचा फोटू कशाला रे? येडं हायस का?" आणि हसलीस. हसण्याच्या आधीचा फोटो मी कंपनीच्या मदतीच्या फाईलला लावला.

आई, मावशीची सून, राजेश्वरी वहिनी, वाचून दाखवत असेल तर तिला इथे थांबव. पुढचं तूच वाच. चष्मा घाल, हळूहळू वाच, पण तूच.

त्या फोटोखाली मी लिहिलं होतं, 'श्रीमती शालन, निराधार विधवा.' मी स्वतःला सांगितलं, असे शब्द अर्जात लिहायचेच असतात, त्यांचा काही अर्थ नसतो. पण ट्रस्टींच्या यादीत पहिलं नाव माझं होतं, तुझं कुठेच नव्हतं. आणि कंपनीत मी सांगितलं होतं की हे सगळं मी उभं केलं. मला तिथे 'फाउंडर' म्हणायला लागले होते. मस्करीत म्हणायचे, पण मला आवडायचं. एक मोठी पोस्ट रिकामी होणार होती, माझं नाव चाललं होतं. माझी आई माथाड्यांच्या खोलीत जेवण बनवते, हे मी तिथे कधीच कोणाला सांगितलेलं नाही. पप्पांबद्दल विचारलं की मी 'मार्केटमध्ये होते' एवढंच म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं व्यापारी असतील, गोण्या वाहणारे नाही. मी वाटू देतो.

मग त्या दिवशी कंपनीतून प्रियदर्शिनी मॅडम खोली बघायला आल्या. हे मला अजून नीट लिहिता येत नाही. तू आमटी वाढत होतीस. मॅडमच्या मांडीवर फाईल. त्यांनी फोटो बघितला, तुझ्याकडे बघितलं, आणि मला हळूच विचारलं, "यांना कोणीच नाही?"

मी तुझ्यापासून हातभर लांब होतो.

मी म्हटलं, "नाही."

तू ऐकलंस. आमटीचा डाव तसाच हातात. मला वाटलं आता शिवी घालशील, निदान तेवढं तरी. तू मॅडमच्या हातात कोथिंबीर दिलीस, "निवडा वाईच, मग वाढते." त्या खूश होऊन निवडायला बसल्या. मग माझ्यापुढे ताट ठेवलंस. म्हणालीस, "साहेब, तुमी बसा. तुमी नका हात लावू."

आणि वाढलंस. भात, आमटी, वर तूप. आयुष्यात कोणालाच वाढलं नाहीस तसं मला वाढलंस, फुकट.

मी जेवलो. सगळं संपवलं. मॅडम समोर होत्या, दुसरं काय करणार होतो?

संध्याकाळी घरी आलो तर तुझी पिशवी नव्हती.

मी नावड्याला का आलो नाही? आलो होतो. स्टॉपवर उतरलो, मावशीच्या बिल्डिंगखाली उभा राहिलो. वर गॅलरीत तू गोधडी वाळत घालत होतीस. मी परत फिरलो. तू परत 'साहेब' म्हणशील याची भीती वाटली.

गुरुवारी प्रियदर्शिनी मॅडमना सांगितलं. "त्या शालनताई माझी आई आहेत." त्यांनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, "मला वाटलं तुला त्यांचं खूप वाईट वाटतंय. तू खालीच बघत होतास ना, म्हणून." मदतीची फाईल थांबली. त्या पोस्टवरचं माझं नाव पण गेलं असणार, कोणी बोलत नाही, पण फाउंडर कोणी म्हणत नाही आता. बरं झालं असं लिहिणार होतो. बरं नाही वाटत. पण ठीक आहे.

शुभदा मॅडमकडे गेलो. त्या चिडल्या नाहीत, त्याचं जास्त लागलं. म्हणाल्या, "आधी बोर्ड काढ. मग धर्मादाय ऑफिसला खरं लिहून दे. इथे कोणीही येतं, काहीतरी हातभार लावतं आणि जेवतं. देणारे-घेणारे वेगळे नाहीत. विचारतील काय ते, मी उत्तर देईन." ट्रस्टींत पहिलं नाव तुझं टाकायचंय. सहीसाठी ये असं म्हणत नाहीये. ते नाव तिथे आधीपासूनच असायला पाहिजे होतं.

आज सकाळी बोर्ड काढला. चांगला जाड पत्रा आहे, रखमाकाकूंनी उलटा करून कोठीत बटाट्यांखाली टाकला. दुपारी मीच स्वयंपाक केला. भात करपला. आमटीचं काय झालं ते विचारू नकोस.

दोनच्या सुमाराला धर्मराजतात्या दारात. चौकटीकडे बघितलं, खिळ्यांची भोकं बघितली, आत आले. खिशातून आलं काढून पाट्यावर ठेवलं. पातेल्यात डोकावले.

"ह्ये काय शिजवलंय? शालनवैनी असती तर पातेल्यासकट बाहेर काडला असता तुला."

मी ताट घ्यायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला आणि लसणाचा गड्डा ठेवला त्यात. "तुला येगळा नियम हाय का? बस. सोल."

सोलला. नखात अजून वास आहे, या कागदालाही येत असेल.

तू ये असं म्हणायला मला तोंड नाही. खोली तुझी आहे, मनाला येईल तेव्हा ये, मी असेन किंवा नसेन. मी असलो आणि जेवायला बसलो, तर तेवढं एक कर. मला परत फुकट वाढू नकोस.

प्रियदर्शिनी मॅडमनी विचारलं होतं त्याचं उत्तर इथे लिहून सही करतो.

शालनताईंना एक मुलगा आहे.

सनी