सहा पदर, सगळे सुती

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र राहत्या घरी, डोके ताळ्यावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोके गेलेले नाही. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा नेमकी तीच शंका काढील. यापूर्वीच्या मृत्युपत्रात सर्व काही त्याला दिले होते. ते आजपासून रद्द समजावे.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व गॅलरी, मुलाला जावे. ते त्याच्या वडिलांनी घेतलेले आहे, म्हणून. त्यात माझी माया शोधू नये.

याच गॅलरीत मी पाळीचे पहिले कापडी पॅड धुऊन वाळत घातले होते. यजमानांनी ते चिमट्यासकट उचलून आत फेकले आणि शेजारी काय म्हणतील, असे विचारले. शेजारणीने दुसऱ्या दिवशी येऊन चार मागितली. यजमान जाईपर्यंत माझ्या धंद्याला ‘ते तुझं’ म्हणत राहिले. त्यांच्यावरचा राग मी इथे सोडत आहे. तो वारसाहक्काने कोणाकडे जाऊ नये.

कलम २. दोन्ही शिलाई मशिने, इस्त्री आणि सर्व कात्र्या बॉबिनला द्याव्यात. बॉबिन म्हणजे हॉस्पिटलच्या शिवणखोलीत सव्वीस वर्षे माझ्या शेजारी बसलेली बाई. बुटकी, गोल आणि सतत फिरणारी, म्हणून हे नाव. त्या खोलीच्या खिडकीतून कचरा जाळायची भट्टी दिसे. वापरलेल्या पॅडची पोती रोज तिच्यात जात आणि काळा धूर बाळंतिणींच्या वॉर्डावर येई. निवृत्तीनंतर आम्ही दोघींनी एका टेबलावर धंदा सुरू केला. सहा पदर, सगळे सुती. धुऊन तीन वर्षे वापरा, मग कुंडीत पुरा, चार महिन्यांत माती होते. आम्ही पुरून पाहिल्याशिवाय एकही विकले नाही.

मुलाची नोकरी गेली तेव्हा त्याला धंद्यात मीच बोलावले. हे लिहिणे भाग आहे. त्याने दुकाने जोडली, शेड घेतली, अकरा बायका कामाला लावल्या. मला त्याचा अभिमान वाटत असे. एका दुपारी मी काजे करत असताना त्याने कागद पुढे ठेवले आणि मी सुई दातात धरून सह्या केल्या. कागदोपत्री माझ्या एकटीच्या नावावर असलेला धंदा एका मोठ्या कंपनीला विकला गेला होता. महिनाभरात शेडला कुलूप लागले. बॉबिनला ते फोनवर कळवण्यात आले.

ती माझ्याकडे आली. “तुला माहीत होतं?”

मी सही केली, पण वाचले नव्हते, असे सांगितले.

“मग माहीतच होतं म्हणायचं,” ती म्हणाली.

त्यानंतर ती माझ्या घरी आलेली नाही. मशिने न्यायला तरी येईल. त्या वेळी तिला चहा विचारावा.

कलम ३. पॅड कापण्याचे पुठ्ठ्याचे साचे मुलींच्या शाळेतील शिवणाच्या बाईंना द्यावेत. त्यांनी ते वर्गात टांगावेत आणि मागेल तिला गिरवू द्यावेत.

या बाई आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. कंपनीने माल बनवायला घेतल्यावर त्यांच्या अंगावर पुरळ उठले. आमचेच नाव छापलेले नवे पॅड घेऊन त्या आल्या आणि ते माझ्यासमोर ठेवले. मी ते उसवले. वर सुती कापड, खाली सुती कापड आणि मध्ये कुरकुरणारे प्लास्टिक. खोक्यावर मात्र ‘शंभर टक्के कापडी’.

मी तो तुकडा मुलासमोर धरला. त्याला आधीच माहीत होते.

“आई, उसवून कोण बघतं?”

“मी बघते.”

तो म्हणाला, तू आता आराम कर. त्या दिवसापासून आमच्यात सणसमारंभापुरते बोलणे आहे. या साच्यांवर कंपनीने हक्क सांगितल्यास कळवावे की तिच्या पॅडचा आकार वेगळा आहे. मी मोजला आहे.

कलम ४. बँकेतील शिल्लक त्या अकरा जणींना सारखी वाटावी. पत्ते बॉबिनकडे आहेत.

कलम ५. कंपनी खोक्यावर माझा फोटो छापते. माझ्या पश्चात तो काढावा. वकिलांनी हे कलम लिहायला आढेवेढे घेतले. म्हणाले, “बाई, तो चेहरा तुम्ही कायमचा लिहून दिलाय. कोर्टात हे टिकायचं नाही.” न टिको. तरीही लिहा, असे मी सांगितले.

त्या फोटोबद्दल लोक विचारतात, म्हातारी इतकी मनापासून कशी हसते आहे. फोटो मुलाने काढला होता, शेडच्या पहिल्या दिवशी. मी त्याच्याकडे बघत होते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला गेला. या वेळी मी तो स्वतःही वाचला.

सही: लिहून ठेवणार, शिवणवाली

आमच्यासमक्ष सही झाली:
१. डॉक्टरीणबाई, तळमजला (सही)
२. शिवणाच्या बाई, मुलींची शाळा (सही)

ठिकाण: राहते घर, मशिनचे टेबल
दिनांक: ९ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी अकरा