तीन फुटांचा बोळ आणि एकोणीस वह्या

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा कोर्टात लघुलेखक, डोकं ठिकाणावर आणि मन प्रसन्न असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. प्रकृती उत्तम आहे. पण वरच्या कोर्टात तहकुबी मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. तिथला न्यायाधीश दयाळू आहे, यावर माझी लहानपणापासून श्रद्धा आहे.

१. राहते घर व बचत पत्नीस. जुना टाइपरायटरही तिलाच. भंगारात देऊ का विचारलं, तर म्हणाली, "राहू द्या. त्या टकटकीशिवाय मला दुपारी डोळा लागत नाही."

२. माझ्या एकोणीस वह्या पुतणीस, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीस. ती यंदा वकील झाली. चोवीस वर्षे न्यायाधीशांसमोर बसून जे टिपलं, पण निकालपत्रात आलं नाही, ते या वह्यांत आहे. फौजदारीच्या वहीत एक वकील आहेत, जे साक्षीदाराला इतकं गोड बोलत की तो आपण होऊन आपला खोटेपणा कबूल करी. पोटगीच्या वहीत 'तारीखवाले' आहेत. स्वतःच्या लग्नालाही त्यांनी पुढची तारीख मागितली असती. पोरी, त्या पहिल्या वकिलांसारखी हो.

३. अकरावी वही तिने एकटीने वाचावी. तीत माझाच दावा आहे. माझ्या आणि दादाच्या घरांमधल्या तीन फुटांच्या बोळासाठी मी चौदा वर्षे भांडलो. पहिल्याच पानावर शेरा आहे : 'प्रतिवादी हट्टी. वादी त्याहून हट्टी.' वादी मी.

गेल्या महिन्यात वाटणीच्या एका दाव्याचा निकाल लागला. दोघी म्हाताऱ्या बहिणी. जिंकलेली चष्मा विसरली होती. हरलेलीने कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून तिला निकाल मोठ्याने वाचून दाखवला, न अडखळता. मी टाइप केलेला कागद, पण मला तो त्या दिवशी पहिल्यांदा कळला. दुसऱ्या दिवशी मी माझा दावा काढून घेतला.

४. बोळातील माझा निम्मा हिस्सा दादास.

इथपर्यंत लिहून झालं आणि पुतणी दादाला हाताला धरून घेऊन आली. चौदा वर्षांनी तो माझ्या उंबऱ्याच्या आत आला. सगळं वाचलं. बराच वेळ चष्मा पुसत बसला.

"साक्षीदार कोण?" त्याने विचारलं.

"समोरचा शिंपी येतोय. दुसरा शोधतोय."

"का? मी मेलोय?"

"दादा, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. तू सही केलीस तर बोळ हातचा जाईल."

"माझा वकील चौदा वर्षं सांगत होता, बोळ मिळेल. जाईल म्हणून सांगणारा तू पहिला. आण ते पेन."

"काका, बाबांना समजवा," पुतणी म्हणाली. पण हसू तिलाच आवरत नव्हतं.

"तुझ्या काकाला कोणी समजवलं होतं?" दादा म्हणाला. आतून पत्नी म्हणाली, "दोघांचाही चहा टाकलाय, आता भांडा खुशाल."

५. सबब कलम चार रद्द समजावे. बोळातील माझा हिस्सा पुतणीस. अट एकच : माझ्या बाजूचं दार, जे मी रागाने खिळे ठोकून बंद केलं, ते उघडं राहावं. खिळे दादा आत्ताच काढतो आहे. सहीला तो पक्कड हातात घेऊनच येईल.

स्थळ : माझी पुढची खोली
दिनांक : चौथा शनिवार, कोर्टाला सुट्टी

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार १ : समोरचा शिंपी (सही)

साक्षीदार २ : लिहिणाऱ्याचा थोरला भाऊ, चौदा वर्षे प्रतिवादी (सही, डाग गंजाचा आहे, खाडाखोड समजू नये)