रागाच्या रकान्यातलं शून्य

अण्णा,

तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण तुमच्याबद्दलची माझी तक्रार अजून तशीच आहे, हे आधीच सांगून टाकतो. नातेवाइकांत माझ्या अपघाताचा विषय निघाला की मी हमखास म्हणतो, "डॉक्टरांनी वाचवलं खरं, पण आमच्या अण्णांनी मला तीन महिने चुकीच्या गोळीवर ठेवलं." लोक हसतात, मीही हसतो. तुमची सून मात्र उठून आत जाते. "गेलेल्या माणसाला कशाला मधे आणता?" असं ती एकदा म्हणाली, तर मी तिच्यावरच खेकसलो. खेकसणं अजून गेलेलं नाही, कमी झालंय इतकंच.

तुमची सगळी नोकरी नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापलेले ताव तपासण्यात गेली. कुठे शाई पुसट, कुठे रेघ सरकलेली, ते बघायचं आणि तो ताव बाजूला काढायचा. घरी त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढत नव्हता, पण नजर मात्र तीच घेऊन घरी यायचात. भाजी निवडताना आईसुद्धा तुम्हाला टरकून असायची. मी आयटीआयला फिटर करत होतो, ही नव्वदीतली गोष्ट. जर्नल पुरं करायचं म्हणून मी दहा मापं न घेताच लिहून टाकली होती. व्हर्निअर कशाशी खातात हे तुम्हाला माहीत नव्हतं, तरी पान उघडल्याबरोबर तुम्ही त्याच रकान्यावर बोट ठेवलंत. "दहाच्या दहा ठिकाणी एकच आकडा? हाताने घेतलेलं माप असं येत नसतं. थोडं तरी इकडे तिकडे होतं." मी म्हटलं, "सर बघत नाहीत हो अण्णा." तुम्ही ओरडला नाहीत. "सर बघत नाहीत, म्हणून तू बघायचं," एवढंच म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी मला वर्कशॉपात पुन्हा मापं घ्यायला लावलीत. मला तेव्हा तुमचा असा संताप आला होता की दोन दिवस मी तुमच्याशी बोललो नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नसेल, कारण तुम्ही तसेही फार बोलत नव्हता.

मग दहा-बारा वर्षांनी माझा अपघात. सातपूरच्या कंपनीतून पहिली पाळी करून येत होतो, द्वारका चौकाजवळ टेम्पोने कट मारला, आणि हेल्मेट माझ्या डोक्याऐवजी गाडीच्या आरशाला अडकवलेलं. डोक्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात किती दिवस होतो ते मला सांगून कळलेलं आहे. घरी आणलं तेव्हा मी चालत होतो, बोलत होतो, बघणाऱ्याला वाटे बरा झाला. पण मिक्सर लावला की कवटी फुटेलसं वाटायचं, आणि राग तर असा यायचा की आपल्याला राग आलाय हे कळायच्या आत हात उठलेला असायचा. लेक चार वर्षांची होती. ती माझ्या खोलीच्या दारापर्यंत यायची, आत पाऊल टाकायची नाही. तुमच्या सुनेने तिला घेऊन पिंपळगावला माहेरी जायचं मनाशी ठरवलंच होतं, हे तिने मला फार नंतर सांगितलं.

आमचे डॉक्टर तरुण होते, नव्या गोष्टींची हौस असलेले. मेंदूला मार लागलेला माणूस महिन्यातून एकदा दाखवायला येतो, तोवर निम्मं विसरलेला असतो आणि उरलेलं "बरं आहे" म्हणून उडवून लावतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एक पद्धत काढली होती. रोज सकाळी पेशंटच्या घरून मोबाइलवर मेसेज पाठवायचा, त्यात फक्त सहा आकडे. डोकेदुखी, चक्कर, उलटी, झोपेचा त्रास, विसरणं आणि राग. अजिबात नसेल तर शून्य, फार असेल तर पाच. तिकडे एक सिस्टर ते आकडे कॉम्प्युटरात भरायची आणि एकेका त्रासाची आलेखावर वेगळी रेघ तयार व्हायची. रेघ चढली की डॉक्टर बोलावून घेणार, गोळ्या कमीजास्त करणार. आजच्या मानाने काहीच नाही हो, पण तेव्हा आमच्या गल्लीत या गोष्टीचं केवढं कौतुक! घरात मोबाइल एकच, माझा, आणि मला बटणं दिसायची दोन-दोन. म्हणून ते काम तुम्ही घेतलंत.

रोज सकाळी आंघोळ झाली की तुम्ही माझ्यासमोर स्टुलावर बसता. चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब धरलेला. "डोकं?" मी सांगतो दोन. "चक्कर?" मी म्हणतो, "तुम्हीच ठरवा." तुम्ही मला उभं करून चार पावलं चालवता, मग आकडा टाकता. एकेक बटण दाबून झालं की तीनदा वाचता, मगच पाठवता. इतका काटेकोर माणूस, पण शेवटच्या प्रश्नाला, रागाला, रोज शून्य. आदल्या दिवशी मी दाराला लाथ घातलेली असली तरी शून्य.

पुढचं सगळं घर जाणतं. एका सकाळी तुमची सून स्वयंपाकघरात होती, खळ्ळकन आवाज झाला म्हणून धावत आली, तर भिंतीला पोहे, जमिनीवर माझं ताट, आणि तुमच्या डोळ्याखाली रक्त. तुम्ही तिला म्हणालात, "काही नाही, मोरीत नळाला आपटलो." मोरी घराच्या दुसऱ्या टोकाला! तिने भिंतीवरचे पोहे पुसून काढले. पण दोन दिवसांनी हॉस्पिटलातून सिस्टरचा फोन आला, तो तिने उचलला. सिस्टर म्हणाली, "बाकी पाच रेघा वरखाली होतात, रागाची रेघ तीन महिने एकदम सपाट आहे. आम्हाला जरा शंका आली. खरंच राग येत नाही का त्यांना?" आणि तुमच्या सुनेचा बांध फुटला. एरवी शहरातलं जपून बोलते, त्या दिवशी पिंपळगावचं सगळं बाहेर आलं. "राग नाय? ओ सिस्टर, लय हाल चाललेत आमचे! परवा ताट फेकलं यांनी, अण्णांचा डोळा गेला असता!"

डॉक्टरांनी आपल्याला लगेच बोलावलं. रागाची ती सपाट रेघ त्यांनी पडद्यावर दाखवली. म्हणाले, फिट येऊ नये म्हणून दिलेली गोळी काही लोकांची चिडचिड फार वाढवते, दुसरी देता येते, पहिल्याच महिन्यात कळलं असतं तर तेव्हाच बदलली असती. तुम्ही खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणालात, "साहेब, कॉम्प्युटरात एकदा गेलं की राहतं ना कायमचं? सर्व्हिस बुकात लाल शाई लागली की रिटायर होईपर्यंत पुसत नाही. उद्या कंपनीने मागवलं असतं, आणि माणूस मारकुटा आहे म्हणून कामावर घेतलं नसतं तर?" डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "अहो काका, हे कंपनीसाठी नाही, माझ्यासाठी आहे," ते म्हणाले. तुम्ही हात जोडलेत. "चूक माझी आहे. आकडे मी टाकले. याचा काही संबंध नाही." तुम्हाला असं कुणासमोर हात जोडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग डॉक्टरांनी मला विचारलं, "ताट फेकल्याचं तुम्हाला काही आठवतं?" मी म्हटलं, "नाही." "बरंच झालं," तुम्ही पुटपुटलात.

गोळी बदलली. तीन-चार आठवड्यांत फरक पडला. एका दुपारी लेक आपणहून माझ्या खोलीत आली आणि चित्रं रंगवत बसली. मी हललो नाही, पाय बधिर झाला तरी. वर्षाच्या आत कामावर गेलो, आधी हलकं काम, मग नेहमीचं. कंपनीने कुठलाही कागद मागितला नाही. त्यानंतर दोन वर्षांनी तुम्ही गेलात, छातीत कळ येऊन, बसल्या जागी. तोवर घरात कुणी ना कुणी तुम्हाला त्या शून्यावरून बोलतच राहिलं, सगळ्यात जास्त मी, आणि तुम्ही एकदाही उलटून बोलला नाहीत.

अण्णा, मला आठवत होतं. सगळं. तुम्ही "राग?" म्हणून विचारलंत आणि मी हातातलं ताट भिरकावलं. तुम्ही चुकवायला मानसुद्धा हलवली नाहीत. तुमची सून आतून येईपर्यंत जे काही क्षण होते, त्यात तुम्ही फोनवरचे पोहे धोतराला पुसलेत, चष्मा नीट केलात आणि मला विचारलंत, "शून्यच टाकू ना रे?" मला सगळं कळत होतं. मला कामावर जायचं होतं, आणि लाजही वाटत होती. मी मान हलवली, हो म्हणून.