शेऱ्याचा रकाना

प्रिय रहेमान,

फोन उचलत नाहीस म्हणून रागवायचा हक्क मला नाही. पत्र फाडण्याआधी दोन ओळी तरी वाचशील, एवढ्या भरवशावर लिहितो आहे. जवळ उमेरा असेल तर तिला वाचून दाखवायला सांगू नकोस. नातीच्या तोंडून तू हे ऐकावंस असं ते नाही.

इकडे कापसाची पहिली वेचणी झाली. विमल बरी आहे, गुडघे सोडले तर. तुझ्या दुकानाला अजून कुलूपच आहे. विहिरीवरची मोटार जळली की लोक ती भरायला राळेगावला नेतात आणि दोन दिवस ओलित थांबलं म्हणून बोंबलतात. तुझं नाव मात्र कोणी घेत नाही. माझ्यासमोर तर नाहीच.

शाळेचं सगळं तुला माहीत आहे, पण मला ते एकदा लिहून काढायचं आहे. मी मुख्याध्यापक झालो तेव्हा पट चौऱ्याहत्तर होता. त्यात तुमच्या मोहल्ल्यातली फक्त नऊ पोरं, कारण बाकीची नाल्यापलीकडच्या उर्दू शाळेत जायची. मग इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात यायला लागली आणि ज्याला जमलं त्यानं आपलं पोर तिच्यात चढवलं. पट एकोणीसवर आला. विसाच्या आत गेलेली शाळा कधीही बंद होईल, हे तुझ्या दुकानात बसून सांगताना मी रडलो होतो. त्याच वर्षी उर्दू शाळेच्या एकुलत्या मास्तरांची बदली झाली. त्यांच्या जागी कोणी आलं नाही आणि तिथं कुलूप लागलं. तू हातातलं काम टाकून घरोघर फिरलास. कोणी नाही म्हटलं, कोणी पाहू म्हटलं. अमिनाभाभींनी बायकांची समजूत घातली. आठव्या दिवशी बावीस पोरांची रांग घेऊन तू फाटकात उभा. "घे रे घनश्या, तुह्या शाळेले पोरं. पण पोरायले मांगं बसवू नको." उमेरा त्या रांगेत सगळ्यांत लहान होती. शाळा वाचली. मी तिथूनच हारतुरे घेऊन निवृत्त झालो.

त्यानंतर दोन महिन्यांनी गोपाल घरी आला. माझाच विद्यार्थी, आता सभा-मोर्च्यांत पुढं असतो. म्हणाला, "गुरुजी, गावाचा अभ्यास तुमच्याइतका कोणाचाच नाही. शाळेतले आकडे पाहिजे होते, कोणाची पोरं किती ते." निवृत्त माणसाला कोणी काही विचारत नाही रे. मी भुललो. टिपणवही काढली आणि सुंदर अक्षरात तक्ता करून दिला: वर्ष, एकूण, त्यात मुसलमान. शाळेच्या तक्त्याला शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. पट का वाढला, का घटला, ते तिथं लिहायचं. चौतीस वर्षांत तो मी कधी कोरा सोडला नव्हता. या वेळी पट्टीनं आखला आणि कोरा सोडला. तिथं तुझं नाव लिहावं लागलं असतं, आणि ते गोपालला आवडलं नसतं. एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडत नाही.

पंधरा दिवसांत पत्रक निघालं. नऊचे एकतीस झाले, शंभरात बारा होते ते पंचाहत्तर झाले, बाहेरून कोण येऊन वसतं आहे? गावात एक माणूस नवा आला नव्हता, रहेमान. बावीस पोरं नाल्याच्या त्या काठावरून या काठावर आली होती आणि पंचावन्न पोरं पिवळ्या गाडीत बसून गेली होती. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. चौकातल्या सभेत गोपालनं माईकवरून विचारलंच. "गुरुजी, आकडा खरा की खोटा?" मी पहिल्या रांगेत, खांद्यावर शाल. उठलो आणि म्हणालो, "खरा आहे." टाळ्या पडल्या. तू चहाच्या टपरीपाशी उभा होतास. ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू हातातला कप खाली ठेवलास आणि निघून गेलास.

घरी विमलनं एवढंच विचारलं, "बावीस पोरं रहेमानभाऊनं आणली, हे काहून नाही सांगितलं?" त्या दिवसापासून तिनं मला गुरुजी म्हणून हाक मारलेली नाही.

दुसऱ्या आठवड्यात उमेरा पाढे म्हणायला आली. पाटी मांडीवर घेऊन तिनं विचारलं, "गुरुजी, पोरं म्हणतात आम्ही बाहेरून आलो. कुठून आलो आम्ही?" मी म्हणालो, "मले आज काम आहे, उद्या ये." ती पुन्हा आली नाही. मग गाळेवाल्यानं तुला दुकान खाली करायला सांगितलं आणि दिवाळीच्या आधी तुमचा टेम्पो भरला. अमिनाभाभी विमलचा डबा परत द्यायला दारापर्यंत आल्या होत्या. मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही.

आता का लिहितो ते सांगतो. गेल्या गुरुवारी गोपालनं नवं पत्रक दाखवलं, तुम्ही आता राहता त्या गावचं. दोन वर्षांत तुमच्या भागात चौदा नवी कुटुंबं आली, असं त्यात छापलं आहे. चौदांतलं एक तुझं आहे. आम्हीच तुला इथून काढलं आणि तिथं आमचीच माणसं तुला आलेला म्हणून मोजतात. रविवारी साडेपाचला तिथं सभा आहे. अनुभवी शिक्षक म्हणून मला बोलावलं आहे आणि मी हो म्हटलं आहे. बावीस पोरं कोणी आणली आणि तू गाव का सोडलंस, ते मी माईकवर सांगणार आहे. गोपालला हे माहीत नाही. ऐन वेळी माझी जीभ टाळूला चिकटेल, ही भीती आहेच. म्हणून विमल सोबत येते आहे. म्हणते, तुमी नाही बोलले तर मी उठून सांगीन. तुझ्या दारी येणार नाही, माफीही तिथं मागणार नाही. फक्त मंचावर माझं नाव पुकारलेलं ऐकून भाभींनी पुन्हा सामान बांधायला घेऊ नये, म्हणून आधी कळवतो. ऐकायला येऊ नकोस. पण घर सोडू नका.

तुझा म्हणवून घ्यायला शरमणारा,
घनश्याम